लग्नाचं सामान आणि आमची कॉमेडी : सांगलीतल्या एका कॅमेरा-भाड्याच्या दुकानाचा रिव्ह्यू

दुकानाचे मालक अण्णा, त्यांनीच सांगितलंय नाव टाकू नका, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. "लग्नसराईत आधीच फोन थांबत न्हाई, त्यात तुमच्यासारखी अजून चार टाळकी आली तर मी जेवायचं कधी?" असं त्यांचं म्हणणं. शंभर फुटी रस्त्याच्या बाजूला, पहिल्या मजल्यावर, जिना एवढा अरुंद की लाईट स्टँडची बॅग घेऊन उतरताना कोपर भिंतीला घासतंच. आधी खाली गावात होतं म्हणे, पण २०१९ च्या पुरात पाणी आत शिरलं तेव्हापासून अण्णांनी तळमजल्याचं नाव सोडलं. सांगलीतल्या कुठल्याही लग्नाच्या फोटोग्राफरला विचारा, बोट दाखवेल.

आम्ही कोण ते आधी सांगते नाहीतर पुढचं डोक्यात बसणार नाही. आम्ही मिळून एक कॉमेडी सिरीज करतोय, हळदीच्या अडत दुकानात घडणारी. एक दिवाणजी, एक हमाल, मालकाचा पुण्यातनं एमबीए करून आलेला पोरगा, आणि एक शेतकरी जो प्रत्येक भागात पट्टी, म्हणजे विकलेल्या मालाचा हिशोब, कधी मिळणार विचारायला येतो आणि चहा पिऊन जातो. सहा भाग, एकेक बावीस मिनिटांचा, लोकल केबलवर अर्ध्या तासाचा स्लॉट मिळालाय आणि नंतर यूट्यूबवर. एका भागाचं बजेट वीस हजाराच्या आत, त्यातलं बरंचसं जेवणात जातं कारण फुकट काम करणाऱ्या नटाला दुपारी गार भजी दिली की त्याचा पुढचा सीन गारच येतो. मी लिहिते, आणि दुसरं कुणी तयार नव्हतं म्हणून दिग्दर्शनही करते. आमचा स्वतःचा असा एकच कॅमेरा आहे तो म्हणजे फोन. बाकी सगळं अण्णांकडचं.

भाव सांगते, कारण सगळे आधी तेच विचारतात. फुलफ्रेम कॅमेरा आणि चोवीस-सत्तर लेन्स मिळून दिवसाला अठराशे, दोन ट्रान्समीटरचा, म्हणजे दोन नटांना लावता येणारा, वायरलेस माईक पाचशे, एलईडी लाईट सॉफ्टबॉक्ससकट (उजेड मऊ करणारी कापडी पेटी) चारशेला एक, ट्रायपॉड दीडशे, आणि बरोबर पोरगा पाहिजे असेल तर हजार रुपये अधिक त्याचं जेवण. आधार कार्डाची झेरॉक्स आणि डिपॉझिट लागतं. डिपॉझिट माणूस बघून ठरतं, माझ्याकडनं जास्त घेतलं होतं, नंतर ओळख झाल्यावर कमी केलं. पुण्याहून सामान मागवायचं तर आधी जाण्यायेण्याची गाडी आणि एक फुकट गेलेला दिवस धरावा लागतो, त्यामुळे भावाची तक्रार नाहीच.

तक्रार कसली आहे तर हे सगळं दुकान लग्नासाठी मांडलेलंय. तुम्ही जाऊन लेन्स मागितली की अण्णा आधी पंच्याऐंशी एमएम काढून देणार, वन पॉइंट फोर, "मागचं सगळं कसं लोण्यागत होतंय बगा". होतंय ना, नवरी एकटी उभी असेल तर फारच छान. पण आमच्या सीनमध्ये पुढे दिवाणजी चोपडीत तोंड घालून बसलाय आणि मागे हमाल त्याचा डबा खातोय, आणि विनोद सगळा मागच्या माणसाचा आहे, तो लोण्यागत झाला की संपलंच. कॉमेडीला दोघं एका फ्रेममध्ये, दोघं शार्प, कॅमेरा गप उभा, एवढंच लागतं. म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक, पाच पॉइंट सहा वगैरे (आकडा मोठा तेवढं छिद्र लहान), म्हणजे उजेड जास्त, म्हणजे तुमचे पैसे महागड्या लेन्सऐवजी दोन जास्तीच्या लाईटवर गेले पाहिजेत. गिंबलही, म्हणजे चालताना कॅमेरा स्थिर ठेवणारा दांडा, देतात अण्णा, आग्रहाने देतात, घेऊ नका. गिंबलवर तरंगत तरंगत जाणाऱ्या शॉटमध्ये कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

सामान हातात आल्यावर तिथंच काऊंटरवर कॅमेरा चालू करून सेटिंग बघा हेही सांगून ठेवते. त्या आधी कुणीतरी रिसेप्शनला स्लो मोशनसाठी नेलेला असतो आणि तसाच परत आलेला असतो. आपल्याकडची वीज पन्नास हर्ट्झची, म्हणजे ट्यूब किंवा साधा एलईडी सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतो. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रं) पंचवीस आणि शटर (एक चित्र किती वेळ उजेड घेतं) सेकंदाचा एक-पन्नासांश किंवा एक-शंभरांश ठेवलं की बहुतेक ठिकाणी विषय मिटतो. फ्रेमरेट तीस आणि शटर एक-साठांश राहिलं तर अडत दुकानातल्या त्या जुन्या ट्यूबा फ्रेमभर लाटा मारतात आणि घरी येऊन कॉम्प्युटरवर बघेपर्यंत पत्ता लागत नाही. पंचवीसचा अजून एक फायदा म्हणजे हिशोब सोपा, एक फ्रेम म्हणजे चाळीस मिलिसेकंद. तुम्हाला वाटेल एवढ्या बारक्याने काय फरक पडतो, पण शेतकरी "पट्टी?" म्हणतो आणि दिवाणजी मान वर करतो यामध्ये चार फ्रेम कमी केल्या की तो घाबरल्यासारखा दिसतो, चार वाढवल्या की तो निर्लज्ज दिसतो. आम्हाला निर्लज्ज पाहिजे होता.

आता आवाज. इथं मी अण्णांचे मार्क कापणार आहे आणि इथंच परत देणार पण आहे.

ज्या गावात १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठीतलं पहिलं नाटक उभं केलं, त्या गावात मला बूमची काठी, म्हणजे नटाच्या डोक्यावर माईक धरायची लांब काठी, भाड्याने मिळाली नाही. भाव्यांच्या पाठीशी चिंतामणराव पटवर्धनांचा राजाश्रय होता, आमच्या पाठीशी अण्णांची उधारी आहे, एवढा फरक सोडून देऊ, पण काठी तरी पाहिजे होती. लग्नात लागत नाही म्हणून ठेवत नाहीत. तिथं माईक कॅमेऱ्याच्या डोक्यावरच असतो आणि नंतर त्यावर सनईच टाकायची असते. पण कॅमेऱ्याच्या डोक्यावरचा शॉटगन माईक, म्हणजे समोरचा आवाज पकडणारा लांबट माईक, नटापासून दहा-बारा फुटांवर राहिला की त्याच्यात नट कमी आणि खोली जास्त येते. अंतर दुप्पट झालं की आवाज सहा डेसिबलने पडतो, कितीही भारीतला माईक आणा, नियम तोच. मग आम्ही रंगाऱ्याच्या रोलरची लांबणारी काठी आणून तिला माईक रबरबँड आणि टेपने बांधला. काम झालं. आमचा बूम धरणारा दिवसा बँकेत कॅशियर आहे, त्याचे हात दुखतात, तो सोडून बाकी कुणाला त्रास झाला नाही.

वायरलेसचा सेट मात्र अण्णांकडे चांगला आहे आणि नवा आहे, ट्रान्समीटरमध्येच बत्तीस बिट फ्लोटमध्ये रेकॉर्डिंग होणारा. ज्याला हे माहीत नाही त्याच्यासाठी एका ओळीत, नट हळू बोलता बोलता एकदम केकाटला तरी आवाज फाटत नाही, नंतर खाली ओढून घेता येतो. कॉमेडीत केकाटणं हे तर रोजचंच, आणि लेव्हल बघत बसायला वेगळा माणूस ठेवायची आपली ऐपत नसते. फक्त घेताना दोन गोष्टी. एक, दोन्ही माईकचा आवाज घेणारा रिसिव्हर मर्ज मोडवर, म्हणजे दोन्ही एकत्र करून, असतो, तो स्प्लिट करून घ्या, म्हणजे एक माईक डाव्या बाजूला आणि दुसरा उजव्या बाजूला वेगवेगळा येतो. लग्नात भटजी आणि नवरदेव एकत्र आले तर कुणाचं बिघडत नाही, पण आपल्या दोन नटांपैकी एक दुसऱ्याच्या पंचलाईनवर खोकला तर तो खोकला वेगळा काढता आला पाहिजे. दोन, डब्यात येतात त्या क्लिपा कपड्यावर बाहेरून दिसतात. मेडिकलमधनं कागदी सर्जिकल टेप आणा आणि माईक शर्टाच्या आतून चिकटवा. कॉटनचा सदरा उत्तम, नायलॉनची साडी घात, नुसती खसखस.

आणि मग सांगलीचे स्वतःचे आवाज आहेतच. कारखाने सुरू झाले की ऊसाचे ट्रॅक्टर, दोन दोन ट्रॉल्या आणि वर डबड्या एवढे स्पीकर. तो आवाज लांबून येतो, जवळ येतो, जातो, आणि गेला असं वाटेपर्यंत मागून दुसरा. नुसता आवाज असता तर एकवेळ चाललं असतं, पण तो गाणी वाजवत जातो, आणि यूट्यूबची मशीन तुमच्या संवादामागचं ते गाणं बरोबर ओळखते, क्लेम येतो आणि तुमच्या व्हिडिओचे पैसे गाण्याच्या मालकाला. म्हणजे सीन आमचा, डिझेल कारखान्याचं, कमाई तिसऱ्याचीच.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे अण्णांच्या दुकानातली सगळ्यात कामाची वस्तू कॅमेरा नाही, भिंतीवरचं कालनिर्णय आहे. भाडं त्याच्यावर चालतं. मुहूर्ताची तारीख असेल तर दर वाढतो, तेही सामान शिल्लक असेल तरच, आणि संध्याकाळी सहाच्या आत परत द्यायचं कारण रात्री कुणाची तरी वरात असते. कार्तिकात तुळशीची लग्नं लागली की मग माणसांची, आणि आमच्यासारख्यांना दारातसुद्धा उभं करत नाहीत. उलट आषाढी एकादशीपासून चातुर्मास लागला की अण्णा स्वतः फोन करतात, ताई काय शूटिंग काढताय का. अर्ध्या भाड्यात मिळतं. पण तेव्हा पाऊस. आणि आमच्या लोकेशनवर पत्रा! पत्र्यावर पाऊस पडायला लागला की बत्तीस बिट असो नाहीतर चौसष्ट, संवाद गेला. गणपतीत तर बोलायलाच नको, आणि नवरात्रात परत मंडप आणि स्पीकर.

या सगळ्यातून उरतो तो पितृपंधरवडा. लग्न नाही, वरात नाही, ऊस तुटायला वेळ आहे, पाऊस ओसरत आलेला, अण्णांच्या कपाटात सगळं सामान जागेवर आणि दर जमिनीला. लोक शुभ-अशुभ बघतात, आमच्यातल्या एका नटाच्या आईनेही नाक मुरडलं होतं, पण तिला जेवायला बोलावलं आणि ती स्वतःच दोन मिनिटं कॅमेऱ्यापुढे येऊन गेली. मला विचाराल तर कमी पैशात काही करायचं असेल त्याने स्क्रिप्टच्या आधी पंचांग उघडावं.

आता पोरगा. मी त्याला घेणारच नव्हते, हजार रुपये वाचवायचे म्हणून, पण अण्णा म्हणाले कॅमेऱ्याबरोबर पोरगा नसेल तर डिपॉझिट डबल. आला, वीस-बावीसचा असेल, कानात एक इअरबड कायम. पहिल्या सीनलाच झूम सुरू. दिवाणजी बोलतोय की हा पुढे सरकतोय, मग मागे, मग चोपडीवर, मग गणपतीच्या फोटोवर. मी म्हणलं बाळा हात लावू नकोस, कॅमेरा लावून बाजूला उभा रहा. त्याचं तोंड पडलं. दुपारनंतर आम्ही माझा फोन दुसरा कॅमेरा म्हणून त्याच्या हातात दिला, बाजूचं काहीतरी काढून ठेव म्हणून, खरं सांगायचं तर त्याला गुंतवायलाच.

रात्री एडिटिंगला बसले आणि त्याचं फुटेज बघितलं. एमबीए पोरगा "आपण हळद रिब्रँड करू" असं भाषण ठोकतोय आणि याने बोलणाऱ्याकडे कॅमेराच नेला नाही, पूर्ण वेळ हमालावर. हमाल काही करत नाहीये, नुसता ऐकतोय, आणि हळूच पोत्यावरचं लेबल वाचायला लागतो, पोत्यावर गेली कित्येक वर्षं काय लिहिलंय ते त्याने पहिल्यांदाच बघितल्यासारखं. हे मी लिहिलेलंच नव्हतं. नटाने सहज केलं, आणि एकदाच केलं, पुढच्या टेकला त्याला आठवतही नव्हतं. दुसऱ्या दिवशी पोराला विचारलं तू तिकडं का धरलास रे. तर म्हणतो, "ताई, अक्षता पडताना समदे नवरा-नवरीवर असत्यात. मी रुसलेली आत्या हुडकतो. नंतर घरची लोकं तीच क्लिप मागत्यात."

आणि विचार केला तर खरंच आहे. लग्नाच्या कॅमेरावाल्याला रिटेक नाही. भटजीला म्हणता येत नाही गुरुजी परत एकदा सावधान म्हणा. त्याला कळावंच लागतं की पुढच्या क्षणाला कुणाच्या तोंडावर काय उमटणार आहे. तीन कॅमेरे लावून प्रेक्षकांसमोर करायच्या विनोदी मालिकेत हेच काम पगारी माणसं करतात. आमच्याकडे एक कॅमेरा, एक फोन आणि हा पोरगा. पुढच्या भागांना मी मुख्य कॅमेरा ट्रायपॉडवर वाईड लावून सोडून दिला आणि त्याला सांगितलं तुला कोण रुसलेलं दिसेल त्याच्यावर धर. एडिटला जे सोनं मिळालं त्यातलं बरंचसं त्याचं. त्यामुळे सरळ सांगते, पैसे कमी असतील तर एक लाईट कमी घ्या, पोरगा घ्या. आणि हाच पोरगा मागा, बाकीच्या दोघांबद्दल मी काही लिहीत नाही.

हळदीचं एक सांगायचं राहिलं. शूटिंग खऱ्या अडत दुकानात, सौदे नसताना, पण हळद हवेतच असते. अण्णांनी देतानाच लेन्सवर यूव्ही फिल्टर चढवला, कॅमेऱ्याला पॉलिथिन गुंडाळून रबर लावलं आणि दम दिला की आत लेन्स बदलायची नाही, आणि काचेला रुमाल लावायचा नाही, आधी ब्लोअरने फुंकर. सगळं बरोबर होतं. व्हाईट बॅलन्स (पांढरं पांढरं दिसावं म्हणून कॅमेऱ्याचं रंगाचं सेटिंग) ऑटोवर ठेवू नका हे त्यांनी सांगितलं नाही ते मी सांगते, चारी बाजूला पिवळी पोती असली की कॅमेरा आपला पिवळं मारायला जातो आणि माणसं निळी पडतात, पांढरा कागद धरून हाताने सेट करायचा. तर कॅमेरा वाचला पण सॉफ्टबॉक्सचं पांढरं कापड पिवळं झालं, आणि आमच्यातल्या एका हुशाराने ते परत द्यायच्या आधी साबण पावडरीत घातलं. हळदीला साबण लागला की लाल होते हे ज्या सांगलीकराला माहीत नाही त्याने हळदीवर सिरीज करू नये. लालभडक डाग घेऊन आम्ही जिना चढलो, डिपॉझिट गेलंच असं धरून. अण्णांनी कापड उलगडलं, बघितलं, आणि गॅलरीत उन्हात टाकलं. "दोन दिस ऊन खाऊ द्या. हळदीच्या फंक्शनचं सामान हाय हे, असलं लई बगितलंय." आणि खरंच, उन्हाने हळद उडते. पैसे कापले नाहीत.

बाकी नाराजी आहे ती अशी. बुकिंग तोंडी, वहीत पेन्सिलने, आणि मोठं लग्न आलं की तुमची पेन्सिल पुसली जाते. आमचा एक रविवार असाच गेला, नट हजर, जेवण हजर, कॅमेरा मिरजेला. अण्णांनी नंतर एक दिवस फुकट दिला, पण ज्यांना रविवारीच सुट्टी असते त्यांना मंगळवारचा फुकट कॅमेरा काय कामाचा. बॅटऱ्या जुन्या आहेत, डब्यात तीन असल्या तरी दोनच धरा. मेमरी कार्ड तर त्यांचं घेऊच नका, स्वतःचं न्या. फोर-के शंभर एमबीपीएसला तासाला पंचेचाळीस जीबी जातात, म्हणजे चौसष्टचं कार्ड सव्वा तास जेमतेम, आणि कार्ड निदान व्ही-थर्टी असावं, हा कार्डावर छापलेला वेगाचा दर्जा. जुनं मॉडेल दिलं तर ते एकोणतीस मिनिटांनी रेकॉर्डिंग आपोआप थांबवतं हेही विचारून घ्या, नटांना मोकळं सोडून लांब टेक घ्यायची सवय असेल तर नेमकं रंगात आल्यावर थांबतं. एडिटिंगची सोय पण आहे म्हणतात दुकानात, ती लग्नाच्या टेम्प्लेटवाली, पानं उलटतात, गुलाब पडतात, आपल्या कामाची नाही. दा विंची रिझॉल्व्हची फुकट आवृत्ती घरी टाका, फोर-केपर्यंत एक्स्पोर्ट देते, वर शिक्का मारत नाही, आणि आवाजाचं वेगळं पान त्यातच आहे.

केबलसाठी करणाऱ्यांना अजून एक, हे दुकानाचं नाही पण सांगते. खालची पट्टी! केबलवाला फ्रेमच्या खालच्या भागात भांड्यांच्या दुकानाची जाहिरात पळवतो. आमचा एक अख्खा विनोद दिवाणजींच्या टेबलावरच्या उघड्या डब्यावर होता, केबलवर डबा दिसलाच नाही, त्याच्यावर स्टीलच्या पिंपावर वीस टक्के सूट. तेव्हापासून जे दिसायला पाहिजे ते छातीच्या वर.

पाचपैकी चार देते. पेन्सिलऐवजी पेन वापरलं असतं आणि एक बूमची काठी ठेवली असती तर साडेचार. फोनवर बुकिंग करू नका, स्वतः जा, वहीत लिहिताना समोर उभे रहा आणि तारखेवर लग्न आहे का ते आधी त्यांच्याच कालनिर्णयात बघून घ्या. एक ते चार बंद असतं. आणि पितृपंधरवड्यातला दुसरा रविवार आमचा बुक आहे, तेवढा सोडून बाकी कुठलाही घ्या.